घरच्या घरी वॅक्स टार्ट कसे करायचे आणि वॉर्मर कुठला घ्यायचा

दिवाळीला हाताने काहीतरी करून द्यायचंय असं म्हणणाऱ्या सगळ्यांना मी एकच सांगते, मेणबत्तीच्या आधी वॅक्स टार्ट करून बघा. टार्ट म्हणजे वात नसलेला सुगंधी मेणाचा छोटा तुकडा, पूर्वी हे पेस्ट्रीच्या टार्टसारख्या साच्यात ओतायचे म्हणून हे नाव पडलं, हल्ली वॅक्स मेल्टपण म्हणतात. वॉर्मरच्या वाटीत ठेवायचा, खालून ऊब मिळाली की वितळतो आणि वास खोलीभर पसरतो. वात नाही म्हणजे वातीचा नंबर, मधेच विझणं, कडेला मेण तसंच राहणं ही डोकेदुखीच नाही. उरतं फक्त मेण, तेल आणि तापमान, आणि ह्या तिघांत घाई केली नाही तर पहिल्याच बॅचला मोगरा दारापर्यंत येतो.

मेण कुठलं घ्यायचं? ऑनलाइन सोया वॅक्सचे फ्लेक्स किलोच्या पाकिटात मिळतात, ते हाताळायला सगळ्यात सोपं. पण सोयातही प्रकार आहेत हे बघून घ्या. काचेच्या ग्लासात ओतायचं जे सोया असतं ते साधारण 46 ते 50 अंशालाच वितळतं, म्हणजे मऊ, साच्यातून काढताना कोपरे तुटतात आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात तर विचारूच नका. मी एका मे महिन्यात नागपूरला बहिणीला बारा टार्ट कुरिअरने पाठवले होते, तिच्या हातात पोचला तो एकच गोळा, मोगरा आणि खस दोन्ही एकात एक. तेव्हापासून मी 70 टक्के सोया आणि 30 टक्के पॅराफिन (नेहमीच्या मेणबत्तीचं मेण) घेते, तुकडा कडक निघतो, साच्यातून टपकन सुटतो आणि गरम झाल्यावर वासही जास्त फेकतो. पॅराफिन अजिबात नको असेल तर पिलर (ग्लासाशिवाय उभी राहणारी जाड मेणबत्ती) किंवा मेल्टसाठीचं सोया असं पाकिटावर लिहिलेलं बघून घ्या, ते जरा कडक असतं.

आता वास. इथेच बहुतेकांचं चुकतं आणि माझंही चुकलं होतं. मी पहिल्यांदा केकमध्ये घालायचा रोझ इसेन्स ओतला, हलवत बसले, आणि थंड झाल्यावर बघते तर सगळा इसेन्स बारीक थेंब होऊन साच्याच्या तळाशी. खायच्या इसेन्समध्ये पाणी नाहीतर ग्लायकॉल असतं, ते मेणात मिसळतच नाही. खायचा रंगही तसाच, तोही नको, मेणबत्तीचा रंग वेगळा मिळतो तो चिमूटभर पुरतो. डिओ आणि परफ्यूम तर मुळीच नको, त्यात अल्कोहोल असतं आणि ते गरम मेणाजवळ पेट घेऊ शकतं. मेणबत्तीसाठीचं फ्रेग्रन्स ऑइलच घ्यायचं, आणि विकणाऱ्याकडे इफ्राचं (सुगंधांच्या सुरक्षित वापराचे नियम ठरवणारी आंतरराष्ट्रीय संस्था) सर्टिफिकेट मागायचं, त्यात कुठल्या वापरासाठी किती प्रमाण चालतं ते दिलेलं असतं. मोगरा, सोनचाफा, निशिगंध हे लगेच भरून येणारे वास, चंदन आणि खस सावकाश उठतात पण टिकतात, आणि लिंबू-संत्र्याचे वास सगळ्यात आधी उडून जातात. माझं आवडतं मिश्रण म्हणजे तीन भाग खस आणि एक भाग गवती चहा, पहिल्या पावसानंतर अंगणात उभं राहिल्यासारखं वाटतं.

तेल मोजायचं ते चमच्याने नाही, मिलीनेही नाही, वजनाने. प्रत्येक तेलाची घनता वेगळी असते त्यामुळे चमच्याचा अंदाज फसतो, किचनचा डिजिटल काटा ज्यांच्याकडे आहे त्यांचं अर्धं काम झालं. मेणाच्या 8 टक्के तेल धरा, म्हणजे 300 ग्रॅम मेणाला 24 ग्रॅम, आणि त्यात 25 ग्रॅमचे साधारण 13 टार्ट होतात. जास्त वास यावा म्हणून 12-15 टक्के ओतू नका प्लीज, मेण तेवढं तेल धरून ठेवत नाही, वर घामासारखे थेंब येतात, टार्ट चिकट होतो आणि वास उलट कमी वाटतो.

करायची पद्धत अशी. पातेल्यात पाणी उकळत ठेवायचं आणि त्यात मेणाचा स्टीलचा जग किंवा डबा, डायरेक्ट गॅसवर मेण कधीच ठेवायचं नाही. हा डबा मग मेणासाठीच, परत स्वयंपाकाला नाही. आत पाण्याचा एक थेंबही जाता कामा नये. थर्मामीटर लावून 80-85 अंशापर्यंत नेलं की उतरवायचं, 75-80 ला आलं की तेल घालायचं आणि पूर्ण दोन मिनिटं घड्याळ लावून हळूहळू हलवायचं, फेटायचं नाही, नाहीतर बुडबुडे राहतात. ही दोन मिनिटं फार मोठी वाटतात पण तेल मेणात बसतं ते ह्याच वेळात. मग नुसतं बघत बसायचं. आधी मेण तेलासारखं पारदर्शक असतं, मग डब्याच्या कडेला दुधाळ पट्टा दिसायला लागतो, साधारण 60-65 अंश, तीच ओतायची वेळ. सिलिकॉनचे मफिन साचे चालतात, चॉकलेटचे पण चालतात, कोरडे असले म्हणजे झालं. फ्रिजमध्ये घालू नका, तडे जातात. ओट्यावरच तीन-चार तास राहू द्या.

आणि मग थांबायचं! सोयाच्या टार्टला एक ते दोन आठवडे लागतात वास मुरायला, लोणच्यासारखंच आहे ते. डब्यात घालून झाकण लावून, वर तारीख लिहून कपाटात ठेवा. दुसऱ्या दिवशी लावून बघितला आणि वासच नाही म्हणून कितीतरी जणी वैतागतात आणि पुढच्या वेळी तेल वाढवतात, तसं करू नका. पॅराफिन जास्त असेल तर तीन-चार दिवसात तयार होतो.

वॉर्मरबद्दल जरा सविस्तर सांगते कारण चांगला टार्ट वाईट वॉर्मरमध्ये वाया जातो. टीलाइटचा, म्हणजे पत्र्याच्या वाटीतल्या छोट्या मेणबत्तीवर चालणारा, सिरॅमिक बर्नर सगळ्यात स्वस्त, वीज गेली तरी चालतो, एक टीलाइट साधारण चार तास जळते. घेताना दोन गोष्टी बघा. वाटी आतून ग्लेझची हवी, कच्च्या मातीची वाटी तेल पिते. आणि ज्योत ते वाटीचा तळ हे अंतर तीन इंचाच्या आसपास हवं, जवळ असेल तर मेण करपट वास मारतं. पंख्याखाली मात्र हा प्रकार नको, ज्योत हलते, काजळी धरते, आणि आपल्या घरात पंखा बंद असतो कधी? म्हणून हॉलसाठी मी इलेक्ट्रिकच सुचवीन.

इलेक्ट्रिकमध्ये बल्बवाला आणि हॉटप्लेटवाला असे दोन. बल्बवाल्यात उजेड छान पडतो पण बल्ब गेला की तसाच हॅलोजन बल्ब तुमच्या गावात मिळतो का ते आधी विचारा, त्याच्या जागी एलईडी लावला तर उजेड पडेल पण मेण वितळणार नाही कारण तो तेवढा तापत नाही. जास्त वॅटचा पण लावू नका. हॉटप्लेटवाल्यात बल्बची कटकट नाही, टायमर असेल तर उत्तम, बेडरूमला मी तोच वापरते. सॉकेटमध्ये खोचायचा छोटा प्लग-इन घेणार असाल तर आधी आपला स्विचबोर्ड बघा, बाजूचे दोन प्लग झाकले जातात आणि पिन तिरकी बसली तर वितळलेलं मेण भिंतीवर येतं. अमेरिकेहून कोणी नातेवाईक वॉर्मर आणणार असतील तर त्यांना आत्ताच सांगा, तिकडचे 120 व्होल्टचे असतात, आपल्या 230 ला सरळ लावला तर जळतो.

घरात कपूरदाणी आहेच तर तीच वापरू का, हे मला नेहमी विचारतात. माझ्या कपूरदाणीची वाटी लहान आणि फार तापणारी, दहा मिनिटं वासाने घर भरलं आणि मग जळकट यायला लागलं. कापरासाठी ती ठीक, टार्टला नको. पाण्याच्या वाफेच्या डिफ्यूझरमध्ये तर मेण टाकूच नका, तो बंदच पडेल.

मेण पेटलंच तर गॅस बंद करून झाकण ठेवायचं, पाणी ओतायचं नाही, भडका उडतो. घरात दमा असलेलं कोणी, मांजर किंवा पोपट-लव्हबर्डसारखे पक्षी असतील तर त्या खोलीत लावू नका, पक्ष्यांची फुप्फुसं फार नाजूक असतात.

वास संपला तरी वाटीत मेण तेवढंच दिसतं, कारण उडतं ते तेल, मेण नाही. माझा 25 ग्रॅमचा टार्ट सात-आठ तास चांगला वास देतो. बदलताना वॉर्मर एक मिनिट लावायचा, कडा सुटल्या की अख्खी चकती सरकवून काढायची, उरलेलं कापसाने पुसायचं. बेसिनमध्ये ओतू नका, पाइप चोंदतो. त्या चकत्या मी टाकत नाही, पावसाळ्यात लाकडी ड्रॉवर फुगून अडायला लागले की खाचेत घासते, परत सहज सरकतात.