कांद्याची वाहतूक सुरू होण्याआधी पिकअपची डिझेल लाईन तपासून घ्या

दिवाळी सरली की सोलापूरच्या सिद्धेश्वर बाजार समितीत कांद्याच्या गाड्यांची रांग वाढत जाते. ती ओसरायच्या आतच द्राक्षाची तोडणी सुरू होते. या दिवसांत पिकअप एक रात्रही उभी राहून चालत नाही. लिलाव गाठायचा तर मध्यरात्री निघावं लागतं, आणि रस्त्यावर दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले उसाचे ट्रॅक्टर असतात. अशा वेळी भरलेली गाडी अंधारात बंद पडली तर भाव तर जातोच, जिवावरही बेतू शकतं. म्हणून शेतातली काढणी चालू असतानाच एक सकाळ गाडीसाठी काढा.

गाडी ओढत नाही, चार-चार सेल्फ खाते, मध्येच बंद पडते, असं सांगितलं की पहिलं उत्तर येतं ते ‘पंप गेला’, म्हणजे इंजिनाला दाबाने डिझेल पुरवणारा पंप. पंप जातो, हे खरं. पण पंपापर्यंत डिझेलच नीट पोचत नसेल तरी लक्षणं हुबेहूब तीच दिसतात. त्यामुळे तपासणी टाकीपासून सुरू करा आणि पंपाला हात सगळ्यात शेवटी लावा.

गेल्या हंगामात मोहोळकडून कांदा भरून येताना सावळेश्वर टोलनाक्याच्या अलीकडे माझी गाडी गचके खात बंद पडली. एका गॅरेजात थेट नवा पंप टाकायला सांगितलं. मन मानेना, म्हणून ओळखीच्या जुन्या मिस्त्रीला बोलावलं. त्यांनी फिल्टर आणि पंप यांच्यामध्ये वीतभर पारदर्शक नळी जोडली आणि सेल्फ मारायला लावला. नळीतून डिझेलबरोबर साबुदाण्याएवढे बुडबुडे एकामागून एक धावत होते. मग ते टाकीकडून येणाऱ्या नळीवर बोटं फिरवत गेले. चेसिसला घासणाऱ्या रबरी नळीवर, क्लिपच्या अगदी कडेला, केसाएवढी चीर होती. बाहेर मात्र डिझेलचा एक थेंब नव्हता. ही ओढीची, म्हणजे पंप टाकीतून डिझेल ओढून घेतो ती बाजू असल्यामुळे इंजिन चालू असताना तिथून डिझेल बाहेर येत नाही, उलट हवा आत शिरते. नळीचा तुकडा आणि दोन नव्या क्लिपा एवढ्यावर काम भागलं. तेव्हापासून पारदर्शक नळीचा तुकडा मी गाडीतच ठेवतो. ती जोडायची ती फक्त फिल्टरच्या कमी दाबाच्या बाजूला.

पहिली तपासणी टाकीच्या झाकणाची. गाडी तासभर चालून दम टाकायला लागली की झाकण उघडा. ‘सूं’ करून हवा आत ओढली गेली आणि गाडी पुन्हा नीट चालू लागली, तर झाकणाचं हवेचं छिद्र धुळीने बुजलं आहे. आपल्याकडच्या फुफाट्यात हे सहज होतं. मग फिल्टरखालचा बोल्ट किंवा चावी सैल करून थोडं डिझेल काचेच्या बाटलीत घ्या आणि दहा मिनिटं स्थिर ठेवा. पाणी असेल तर तळाशी वेगळा थर दिसेल. काळपट चिकट गाळ आला तर टाकी उतरवून धुवावीच लागेल, नुसता फिल्टर बदलून तो गाळ आठवड्यात पुन्हा वर येतो. गाडी रिकामी छान पळते, पण भरल्यावर तुळजापूरच्या घाटात मान टाकते, तर संशय आधी चोंदलेल्या फिल्टरवर घ्या. नवा फिल्टर बसवताना कॅनमधलं डिझेल त्यात ओतू नका. डिझेल लाईनवरच्या छोट्या हातपंपाने भरा आणि लाईनमधली हवा काढा, नाहीतर न गाळलेलं डिझेल सरळ पंपात जातं.

टाकीत इलेक्ट्रिक फीड पंप (डिझेल पुढे ढकलणारा छोटा पंप) असलेल्या गाडीत चावी फिरवल्यावर दोन-तीन सेकंद बारीक घरघर ऐकू यायला हवी. नसेल तर आधी फ्यूज आणि रिले बघा.

सेल्फ मारताना सायलेन्सरकडे एक माणूस उभा करा. अजिबात धूर नाही, तर डिझेल सिलिंडरपर्यंत जातच नाही. पांढरा धूर येतोय पण गाडी धरत नाही, तर डिझेल जातंय पण जळत नाही. तेव्हा ग्लो प्लग (गार इंजिन तापवणारे प्लग), बॅटरी आणि कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये हवा दाबली जाते तो दाब) बघायचं. थंडीने डिझेल गोठलं असं कोणी म्हणालं तर ऐकू नका, आपल्या भागात तेवढी थंडी पडत नाही.

आता गार आणि गरम यातला फरक, कारण सगळ्यात जास्त फसगत इथेच होते. रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी उशिरा चालू होते आणि मग दिवसभर त्रास देत नाही, तर बहुधा रात्रीत डिझेल टाकीकडे परत उतरतं, म्हणजे कुठेतरी हवा शिरते आहे, किंवा ग्लो प्लग गेले आहेत. उलट सकाळी पटकन चालू होणारी गाडी तापल्यावर बंद केली आणि पुन्हा धरेना, अर्ध्या तासाने गार झाल्यावर मात्र धरते, तर पंप किंवा इंजेक्टर (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारा भाग) झिजल्याची शंका रास्त आहे. तापलेलं डिझेल पातळ होतं आणि झिजलेल्या फटींतून निसटतं, त्यामुळे दाब तयार होत नाही. कॉमन रेल गाडीत, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना एकाच सामाईक नळीतून (रेलमधून) जास्त दाबाचं डिझेल मिळतं अशा गाडीत, प्रत्येक इंजेक्टरच्या रिटर्नला (उरलेलं डिझेल परत नेणाऱ्या नळीला) वेगळी बाटली लावून डिझेल मोजायला सांगा. एकच बाटली भराभर भरली तर दोष त्या इंजेक्टरचा, पंपाचा नाही. सगळ्या सारख्या आणि बेताच्या भरल्या, तर गॅरेजातल्या स्कॅनरवर रेल प्रेशर, म्हणजे त्या रेलमधला दाब, बघा. सेल्फ मारताना ते साधारण २०० बारच्या आसपास जायला हवं, गाडीप्रमाणे थोडंफार कमीजास्त. तेवढं होत नसेल आणि प्रेशर रेग्युलेटर, सेन्सर ठीक असतील, तेव्हाच पंप उतरवा.

जुन्या फिल्टरचं डिझेल उन्हात धरल्यावर चमकी दिसली तर मात्र गाडी जागेवर उभी करा. ते पंपाचं झिजलेलं लोखंड आहे. आणखी चालवली तर इंजेक्टरही जातील, आणि नुसता पंप बदलून भागणार नाही, टाकीपासून सगळी लाईन धुवावी लागेल.

कॉमन रेल गाडीत इंजिन चालू असताना इंजेक्टरच्या लोखंडी पाइपाचे नट कधीही सैल करू नका. जुन्या गाड्यांची ती सवय इथे जीवघेणी आहे. १,००० बारच्या वरचा बारीक फवारा कातडी भेदून आत जातो. जखम टाचणीएवढी दिसली आणि दुखत नसलं तरी त्याच क्षणी मोठ्या दवाखान्यात जा आणि डिझेल आत गेलंय हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा. उशीर केला तर बोट, हात गमवावा लागतो.

पंपाला वंगण मिळतं ते डिझेलमधूनच. त्यात रॉकेल किंवा स्वस्तातलं भेसळीचं तेल घातलं की पंप कोरडा पडून घासला जातो. शेतावर कॅनमध्ये डिझेल आणत असाल तर कॅन रात्रभर सावलीत स्थिर ठेवा, सकाळी न हलवता बारीक जाळीच्या नरसाळ्यातून ओता, आणि तळाचं दोन बोटं डिझेल गाडीच्या टाकीत जाऊ देऊ नका.