भ्रष्टाचाराविरुद्ध राजकीय आघाडी कशी बांधावी

‘आधी सगळ्यांना एका व्यासपीठावर आणा, मागण्यांचं नंतर बघू’ हा सल्ला फार मिळतो. तो ऐकू नका. मागण्या न ठरवता जमलेली आघाडी सरकारचा पहिला प्रस्ताव येताच फुटते.

१. मागणी एक, आणि तीही व्यवस्थेबद्दल. ‘अमक्याला हटवा’ म्हणून जमलेली माणसं अमका हटला की घरी जातात. ब्राझीलमध्ये गुन्ह्यात दोषी ठरलेल्यांना निवडणूक लढवू देऊ नका, एवढ्याच मागणीवर १३ लाखांहून अधिक सह्या जमल्या आणि २०१० मध्ये कायदा झाला.

२. प्रत्येक सोबत्याची स्वतःची गरज शोधा. राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेच्या जनसुनवाईत हजेरीपट लोकांसमोर मोठ्याने वाचले जात. कामावर कधी न गेलेल्यांची नावं आणि त्यांच्या नावे उचललेली मजुरी तिथेच उघडी पडे. मजुरांना मजुरी हवी होती, पत्रकारांना कागद. हे सरकारी कागद पाहण्याच्या हक्कासाठी १९९६ मध्ये ब्यावरला ४० दिवस धरणं झालं. न्या. पी. बी. सावंत यांच्या अध्यक्षतेखालील प्रेस कौन्सिलने माहिती अधिकाराच्या कायद्याचा मसुदा केला. केंद्रीय कायदा २००५ मध्ये आला.

३. काय सोडायचं नाही, ते आधी लिहून घ्या. बहुतेक आघाड्या इथेच मोडतात. सरकार विरोध करत असतं तोवर एकी टिकते. ज्या दिवशी मंत्री ‘तत्त्वतः मान्य’ म्हणतात आणि पातळ केलेला मसुदा पुढे करतात, त्या दिवशी अर्धे म्हणतात ‘मिळतंय ते घ्या’ आणि उरलेले म्हणतात ‘ही गद्दारी आहे’. मी हे भांडण अनेक बैठकांत पाहिलं आहे. मसुदा हातात आल्यावर ते मिटत नाही, कारण तोवर कुणाला समितीवर जागा, कुणाला श्रेय दिसू लागलेलं असतं.

म्हणून पहिल्याच महिन्यात एका पानावर दोन याद्या करा, एक न सोडायच्या गोष्टींची, दुसरी सोडता येतील अशा गोष्टींची, आणि प्रत्येक घटक संघटनेची सही घ्या. न सोडायच्या यादीत, तुम्ही मागत असलेल्या संस्थेबद्दल, माझ्या मते चार कलमं हवीतच: नेमणूक कोण करणार, मुदत किती आणि पदावरून कसं काढणार, तपासाची माणसं कुणाच्या हाताखाली, पैसा कुठून. बाकी शिक्षा, दंड, नाव, उद्देशिका यांवर खुशाल तडजोड करा. नवखे लोक शिक्षेच्या वर्षांवर रात्र घालवतात आणि नेमणुकीचं कलम न वाचता मान्य करतात. हे होऊ देऊ नका.

ही कलमं किती नाजूक असतात ते पाहा. भारतात २०१९ च्या दुरुस्तीने माहिती आयुक्तांची मुदत आणि वेतन ठरवण्याचा अधिकार केंद्र सरकारकडे गेला. मूळ कायद्यात मुदत ५ वर्षं होती. त्याच वर्षी इंडोनेशियात भ्रष्टाचारविरोधी आयोगाचे कर्मचारी सरकारी नोकर ठरवले गेले. दोन्हीकडे संस्था तशीच उभी राहिली, तिचं स्वातंत्र्य मात्र घटलं. उलट ब्राझीलमध्ये ‘पहिल्या न्यायालयाचा निकाल पुरे’ ही मूळ अट सोडून ‘न्यायाधीशांच्या मंडळाचा निकाल’ स्वीकारला गेला. मागणीचा गाभा त्याने हलला नाही. अशी तडजोड करायलाच हवी.

चर्चेला एकटं कुणीही जायचं नाही. निदान दोन घटकांचे प्रतिनिधी जातील आणि त्याच संध्याकाळी सगळ्यांना टिपण मिळेल, असा नियम करा आणि कितीही मोठा नेता असला तरी तो मोडू देऊ नका.

४. पक्षांकडून पाठिंबा लेखी घ्या, सत्ताधाऱ्यांचा आणि विरोधकांचाही. भाषणातलं आश्वासन पाठिंबा म्हणून धरू नका.

५. कायदा झाल्यावर आघाडी मोडू नका. भारतात लोकपाल कायद्यावर जानेवारी २०१४ मध्ये राष्ट्रपतींची सही झाली, पण पहिले लोकपाल मार्च २०१९ मध्ये नेमले गेले. लोकसभेत मान्यताप्राप्त विरोधी पक्षनेता नव्हता आणि निवड समितीत त्याची जागा होती, हे त्याचं एक कारण सांगितलं गेलं. तेव्हा नेमणूक किती दिवसांत व्हायची आणि निवड समितीतलं एखादं पद रिकामं असलं तर निर्णय कुणी घ्यायचा, हे मूळ मसुद्यातच लिहा.