एल्डन रिंगच्या लोरमधलं प्रेम आणि नकार नेमका कसा वाचायचा

एल्डन रिंग या व्हिडिओ गेमच्या लोरमध्ये, म्हणजे त्यामागच्या कथाविश्वात, प्रेमाची कबुली तोंडाने फारशी कोणी देत नाही. ते प्रेम सापडतं लग्नात दिलेल्या तलवारीत, छातीशी धरलेल्या अंड्यात, कापून वाहिलेल्या वेणीत. नकारही बहुतेक वेळा असाच वस्तूंमध्ये दडलेला असतो. म्हणून इथली नाती समजून घ्यायची तर आधी आयटमची वर्णनं वाचा, संवाद त्यानंतर, आणि कोणाचा सिद्धांत ऐकायचा असेल तर तो सगळ्यात शेवटी. पुढे २०२२चा मूळ गेम आणि २०२४ची शॅडो ऑफ द एर्डट्री ही डीएलसी (गेमला नंतर जोडलेला भाग) या दोन्हींचे स्पॉइलर आहेत.

एका वेळी एकच जोडी घ्या. "यात वाईट कोण?" हा प्रश्न बाजूला ठेवा, कारण त्याचं उत्तर तुमच्या मनात आधीच ठरलेलं असतं. त्याऐवजी विचारा: कोणी कोणाला काय दिलं, आणि त्या वस्तूचं पुढे काय झालं? वहीत चार रकाने आखा. वस्तू, देणारा, घेणारा, आणि आज ती कुठे, कोणत्या रूपात सापडते. शेवटचा रकाना हमखास रिकामा राहतो, आणि खरा ऐवज तिथेच असतो.

रॅडगॉन आणि रेनाला

सुरुवातीला हीच जोडी घ्यावी, कारण पुरावा विखुरलेला असला तरी भरपूर आहे. लिउर्निया प्रदेशाच्या पूर्व भागात चर्च ऑफ व्हाउज आहे. तिथल्या मिरिएल या महाकाय कासवाला एकूण एक प्रश्न विचारून घ्या. रॅडगॉन आक्रमक म्हणून आला, त्याला पश्चात्ताप झाला, त्याने रेनालाला, म्हणजे कॅरिया घराण्याच्या राणीला, प्रेमाचं वचन दिलं. पुढे मारिका राणीचा पहिला पती गॉडफ्री याला देशाबाहेर घालवल्यावर रॅडगॉन रेनालाला सोडून राजधानी लेनडेलला परतला आणि मारिकाचा दुसरा पती झाला. त्याने तिला का सोडलं हे कोडंच आहे, असं मिरिएल स्वतः म्हणतो. बरेच जण इथेच थांबतात आणि "रॅडगॉन दगाबाज" असा निकाल देऊन मोकळे होतात.

आता वस्तू पाहा. डार्क मून ग्रेटस्वॉर्डच्या वर्णनातून कळतं की कॅरियाच्या राणीने आपल्या जोडीदाराला चंद्राची तलवार देणं ही जुनी प्रथा आहे. मग रॅडगॉनला मिळालेली तलवार कुठे गेली? कॉन्सेक्रेटेड स्नोफील्डमधल्या केव्ह ऑफ द फॉरलॉर्नमध्ये मिस्बिगॉटन क्रुसेडरला हरवलं की गोल्डन ऑर्डर ग्रेटस्वॉर्ड मिळते. रेनालाकडून मिळालेली तलवारच रॅडगॉनने गोल्डन ऑर्डर या मारिकाच्या धर्मव्यवस्थेची तत्त्वं जाहीर करण्यासाठी नव्याने घडवून घेतली, असं तिचं वर्णन सांगतं. म्हणजे त्याने ती टाकूनही दिली नाही आणि जशी होती तशी ठेवलीही नाही. त्याने बायकोची खूण पुसली, की ती हातातून सोडवेना? मजकूर फक्त हेतू सांगतो, भावना सांगत नाही. तेव्हा भावनेबद्दल जे लिहाल ते "आमचं अनुमान" म्हणूनच लिहा. रेनाला मात्र त्याने दिलेलं अंबर अंडं अजून कुशीत घेऊन बसली आहे, आणि आपल्या पात्राला पुनर्जन्म देते (म्हणजे त्याचे गुण नव्याने वाटू देते) तीही त्याच अंड्याच्या जोरावर.

यानंतर लेनडेलमधला रॅडगॉनचा पुतळा. त्याच्यासमोर लॉ ऑफ रिग्रेशन ही इन्कँटेशन (मंत्र) वापरली की कळतं, रॅडगॉन हाच मारिका आहे. तिला पात्राचा इंटेलिजन्स हा गुण ३७ लागतो. तेवढा नसेल तर लार्व्हल टिअर ही वस्तू घेऊन रेनालाकडे जा आणि स्टॅट्स बदलून घ्या. (नवऱ्याचं गुपित उघडायला त्याने सोडलेल्या बायकोकडूनच मदत घ्यावी लागते, हा योग आम्हाला फार बोलका वाटतो.) राजधानी राखेखाली जाण्याआधी हे उरकून घ्या. "दुसरीसाठी सोडलं" हे वाक्य यानंतर पहिल्यासारखं टिकत नाही, कारण ती दुसरी तो स्वतःच आहे. ते दोघे पहिल्यापासून एक होते की नंतर झाले, हे गेम स्पष्ट करत नाही. तुम्हीही ठामपणे सांगायला जाऊ नका.

खात्रीची पायरी

प्रत्येक नोंदीपुढे ती किती पक्की आहे याची खूण करा. वर्णनात सरळ विधान असेल तर एक खूण. "म्हणतात", "कदाचित" असे शब्द असतील तर दुसरी. पात्र स्वतः बोलत असेल तर तिसरी, कारण पात्र खोटंही बोलतं आणि चुकतंही. जायंट्स रेड ब्रेडचं वर्णन नमुन्यादाखल घ्या. रॅडगॉनला आपल्या लाल केसांचा तिटकारा होता ही तिथे ऐकीव गोष्ट आहे, आणि राक्षसांच्या शापाचा उल्लेख "कदाचित" म्हणून येतो. यावरून "रॅडगॉन राक्षसांचा वंशज" असं छातीठोक सांगणं म्हणजे दोन कच्च्या विटांवर मजला चढवणं.

रॅनीचा नकार

रॅनी ही रेनालाची मुलगी. तिची डार्क मून रिंग ही अंगठी राया लुकारिया अकादमीच्या ग्रँड लायब्ररीत, रेनालाजवळच्या पेटीत असते. पेटीची किल्ली बेलफुल शॅडो या शत्रूला मारल्यावर मिळते. त्याआधी एन्सेल रिव्हर मेनमध्ये सापडलेल्या रॅनीच्या छोट्या बाहुलीशी ग्रेसपाशी (विसाव्याच्या जागी) बसून बोलावं लागतं. पहिल्या एकदोन वेळा ती गप्प राहते आणि लोक कंटाळून उठतात. ती बोलेपर्यंत विचारत राहा.

अंगठीवर इशारा कोरलेला आहे: तू कोणीही अस, ही इथून नेऊ नकोस, रात्रीपलीकडचा एकांत माझा एकटीचाच राहू दे. नुसतं वाचलं तर हा नकार आहे. पण ही जोडीदाराला द्यायची अंगठी आहे, आणि ती आईच्या खोलीत ठेवलेली आहे. कॅथेड्रल ऑफ मॅनस सेलेसच्या खाली उतरून ती रॅनीच्या बोटात घातली, की इशारा द्यायची गरज नव्हती बहुधा, असं तीच म्हणते. या नकाराचा रोख समोरच्याला वाचवण्याकडे आहे. एकाच गोष्टीचं मात्र भान ठेवा: या जगात कॉन्सॉर्ट (राणीचा किंवा देवतेचा जोडीदार) हे राजकीय पदही आहे. मारिकाचा पती म्हणजे एल्डन लॉर्ड, राज्याचा राजा. त्यामुळे "रॅनीचं लग्न" लिहिताना त्यात करार किती आणि माया किती, हे वेगळं काढा.

रॅनीची माया अधिक उघडपणे दिसते ती बॉस फाइटमध्ये. रेनालाच्या दुसऱ्या फेजआधी रॅनीचा आवाज येतो: आईची झोप मोडू देणार नाही. जिने स्वतःचं शरीरच टाकून दिलं, ती आईभोवती पहारा ठेवून गेली आहे. कटसीन स्किप करणाऱ्यांना हे कधीच कळत नाही.

उत्तर न येणं म्हणजे नकार नव्हे

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. मोग या बॉसने मारिकाचा मुलगा मिकेला याला आपल्याकडे आणून ठेवलं होतं. मोगला हरवल्यावर मिळणाऱ्या रिमेंबरन्स (आठवण) या वस्तूत लिहिलंय की मिकेलाला देवत्वाला नेऊन त्याचा कॉन्सॉर्ट व्हायची मोगची इच्छा होती. पण मिकेलाकडून काहीच प्रतिसाद आला नाही. २०२२मध्ये याचा अर्थ जवळपास सगळ्यांनी "पळवून आणलेल्याने दिलेला नकार" असा लावला. डीएलसीत मोगचा सेवक आन्सबाख सांगतो की मोगला सोडवण्यासाठी त्याने मिकेलावर शस्त्र उचललं आणि त्याचंच मन मिकेलाने हिरावून घेतलं. म्हणजे भुरळ घातलेला मोगच होता. वर्णनातला एक शब्दही बदलला नाही, तरी अर्थ उलटला. म्हणून प्रत्येक नोंदीपुढे ती मूळ गेममधली की डीएलसीतली, हे लिहा आणि डीएलसी खेळून झाल्यावर जुन्या नोंदी पुन्हा वाचा.

मिकेलाचं प्रेम खेळण्याच्या यंत्रणेतही उतरलंय. डीएलसीच्या शेवटच्या लढाईत पहिल्या पकडीत तो तुमचं मन चोरतो, आणि दुसऱ्यांदा पकडलं की मरण. फिया या पात्राची मिठीही अशीच. त्या मिठीतून मिळणारं बाल्डाकिन्स ब्लेसिंग जवळ असेपर्यंत कमाल एचपी (जीवनशक्ती) ५ टक्क्यांनी कमी राहतो. तो आयटम वापरला की परत येतो. शरीराला मोजावी लागणारी अशी किंमत संवादाइतकाच पक्का पुरावा समजा.

मॉर्गॉट या राजघराण्यात जन्मलेल्या ओमेनच्या बाबतीत मात्र अनुमानाची गरजच नाही. शाही घरात शिंगं घेऊन जन्मलेल्या ओमेन बाळांना जमिनीखाली कायमचं कोंडत, हे रीगल ओमेन बेर्नच्या वर्णनात आहे. आणि मॉर्गॉटला कधी कोणी प्रेम दिलं नाही, तरी त्याने एर्डट्री या सोनेरी महावृक्षावर प्रेम केलं, हे त्याच्या रिमेंबरन्समध्ये सरळ लिहिलंय. मरताना तो सांगतो की झाड सगळ्यांनाच दूर लोटतं. जिथे मजकूर इतका स्पष्ट आहे तिथे नवा सिद्धांत रचू नका.

रिमेंबरन्स एनियाकडे (त्याच्या बदल्यात शस्त्रं देणाऱ्या पात्राकडे) देण्याआधी आणि अंगठी बोटात घालण्याआधी वर्णनाचा स्क्रीनशॉट घ्या. नंतर ती वस्तू तुमच्याकडे राहत नाही. एनपीसीचा (गेममधल्या इतर पात्राचा) संवाद त्याच ओळी पुन्हा येईपर्यंत ऐका, आणि मोठा बॉस पडला की परत जाऊन बोला. डीएलसीत शॅडो कीप या किल्ल्याजवळ पोहोचताना मिकेलाची भुरळ तुटल्याचा संदेश येतो. त्याआधी लेडा, मूर, फ्रेया आणि आन्सबाख या मिकेलाच्या मागे आलेल्या सगळ्यांशी एकदा बोलून ठेवा. नंतर त्यांची वागणूक बदलते, आणि आधीचं बोलणं नोंदलेलं नसेल तर तुलना करायला हाती काहीच उरत नाही.