हौशी नाट्यसंस्थेच्या हंगामासाठी निवडचाचणी देताना

हौशी नाट्यसंस्था संपूर्ण हंगामासाठी एकत्रित निवडचाचणी घेते, तेव्हा टेबलामागे बसलेल्या मंडळींपुढे एका नटाला किती गुण द्यावेत हा प्रश्न फारसा नसतोच. तीन-चार नाटके, त्यांतील वीस-पंचवीस भूमिका आणि समोर आलेली माणसे यांचा मेळ कसा बसवायचा, या विवंचनेत ती असतात. प्रत्येक नाटकाचा दिग्दर्शक बहुधा वेगळा असतो, आणि एका नाटकाचे प्रयोग संपण्याआधीच पुढच्या नाटकाच्या तालमी सुरू झालेल्या असतात. त्यामुळे चांगल्या अभिनयाच्या जोडीला उमेदवाराने स्वतःविषयी दिलेली स्पष्ट आणि खरी माहिती तितकीच मोलाची ठरते. आपण कधी मोकळे आहोत, कोणत्या भूमिका स्वीकारू आणि सूचना मिळाल्यावर आपल्या कामात काय बदल होतो, हे त्या पाच-दहा मिनिटांत समोरच्यांना कळले पाहिजे. तयारी करायची ती हे लक्षात ठेवून.

सुरुवात निवडचाचणीचे निवेदन शेवटपर्यंत वाचण्यापासून होते. स्वगत पाठ करून यायचे आहे की तिथेच दिलेला उतारा वाचायचा आहे, वेळ आधी ठरवून घ्यावी लागते की येईल त्या क्रमाने बोलावतात, छायाचित्र आणि पूर्वीच्या कामांची माहिती आणायची आहे का, निवड झाल्यास संस्थेचे सभासदत्व घ्यावे लागेल का, या गोष्टी बहुतेक वेळा त्यात लिहिलेल्या असतात आणि तरीही त्याच विचारल्या जातात. काही वेळा एखादी भूमिका आधीच कोणाला तरी दिलेली असते. नीट चालणारी संस्था तसे निवेदनातच सांगते; सांगितले नसेल तर विचारण्यात काही गैर नाही, कारण आपण त्याच भूमिकेच्या आशेने तयारी करत असू तर ते आधीच कळलेले बरे.

शक्य असेल तर हंगामातील सर्व संहिता मिळवून वाचाव्यात, आणि ज्या नाटकात काम करण्याची मनापासून इच्छा आहे ते तरी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचावे. हव्या असलेल्या पात्राचे तेवढे संवाद अधोरेखित करून येणारे उमेदवार पुष्कळ असतात आणि वाचायला लागताच ते ओळखू येतात, कारण समोरचे पात्र काय बोलते याच्याशी त्यांना काही देणेघेणे नसते. वाचताना पात्र स्वतःविषयी काय म्हणते यापेक्षा इतर पात्रे त्याच्या माघारी काय म्हणतात ते टिपून ठेवावे. भूमिकेविषयीची सर्वांत उपयोगी माहिती तिथेच सापडते.

उमेदवारांना भरायला दिला जाणारा अर्ज हा कंटाळवाणा भाग मानला जातो. माझ्या मते मात्र हंगामी निवडचाचणीत त्याचे महत्त्व स्वगताच्या खालोखाल आहे. हौशी नाटकाच्या तालमी साधारणपणे सहा ते आठ आठवडे, आठवड्यातून तीन-चार संध्याकाळी चालतात, आणि प्रयोगाआधीच्या शेवटच्या आठवड्यात प्रकाश, ध्वनी आणि वेशभूषेसह रोजच तालीम असते. या काळात आपल्याला जमणार नाहीत अशा सर्व तारखा, म्हणजे प्रवास, परीक्षा, घरातील कार्ये, कामाच्या पाळ्या, अर्जात लिहाव्यात. तारखा लपवल्याने निवड होण्याची शक्यता वाढते हा समज चुकीचा आहे. चार संध्याकाळी गैरहजर राहणारा नट दिग्दर्शक वेळापत्रकात बसवू शकतो, पण तालमी निम्म्यावर आल्यावर गैरहजेरी कळली तर त्याच्या हातात काहीच उरत नाही, आणि असे नाव पुढच्या हंगामापर्यंत लक्षात राहते. आपल्याला कोणत्या नाटकात काम करायचे आहे याचा पसंतीक्रमही लिहावा, कारण लागोपाठच्या दोन नाटकांच्या तालमी आणि प्रयोग एकमेकांवर येत असल्यास एकाच नटाला दोन्हींत घेता येत नाही.

‘दिली जाईल ती भूमिका स्वीकाराल का?’ हा प्रश्न जवळपास प्रत्येक अर्जात असतो. होकार देणे सोयीचे वाटते, परंतु छोटी भूमिका मिळाल्यावर आपण नकार देणार असू, तर तो अर्जातच द्यावा. त्याचप्रमाणे केस कापणे, दाढी काढणे, रंगमंचावर धूम्रपान, मारामारी किंवा शारीरिक जवळीक दाखवणे यांविषयी आपली जी मर्यादा असेल ती मोकळेपणाने लिहावी. अशा मर्यादेमुळे एखादी भूमिका जाईल, पण दुसऱ्या एखाद्या भूमिकेसाठी आपला विचार अधिक निर्धास्तपणे केला जाईल.

आता स्वगताविषयी. बहुतेक ठिकाणी एक ते दोन मिनिटांचे स्वगत मागितले जाते, आणि काही ठिकाणी परस्परविरोधी प्रकृतीची दोन, एक गंभीर आणि एक विनोदी. विराम धरून रंगमंचावर मिनिटाला साधारण सव्वाशे शब्द बोलले जातात असे धरले, तर दीड मिनिटाच्या स्वगतासाठी दोनशेच्या आतला उतारा पुरतो. मोठा उतारा घेऊन तो भरभर म्हणण्यापेक्षा छोटा घेऊन त्याला श्वास घ्यायला जागा ठेवावी, आणि घड्याळ लावून म्हणून पाहावे, कारण वेळ संपल्यावर थांबवण्याची पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे आणि आपला सर्वांत चांगला भाग शेवटी असेल तर तो कोणी ऐकणारच नाही.

निवड करताना वय आणि स्वभाव आपल्या जवळपासचा असलेले पात्र घ्यावे. पंचविशीतल्या नटाने केलेला जख्ख म्हातारा कौशल्य दाखवतो, पण त्याला कोणती भूमिका द्यावी हे दिग्दर्शकाला त्यातून कळत नाही. उतारा नाटकातलाच असावा; चित्रपटातल्या गाजलेल्या संवादाबरोबर मूळ नटाचा आवाज ऐकणाऱ्याच्या कानात येतो आणि आपली तुलना विनाकारण त्याच्याशी होते. हंगामातील नाटकातलाच उतारा मात्र तसे सांगितले असल्याशिवाय घेऊ नये, कारण त्या दिग्दर्शकाच्या मनात त्या संवादाचे एक रूप आधीच तयार झालेले असते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, पात्र त्या उताऱ्यात कोणाकडून तरी काहीतरी मिळवण्याचा प्रयत्न करत असले पाहिजे. झाले गेले सांगणारी, आठवणींत रमलेली स्वगते वाचायला सुंदर वाटतात, पण त्यांत नटाला करण्यासारखे फार थोडे असते. समजूत घालणे, धमकावणे, क्षमा मागणे, खोटे लपवणे असे काही चालू असेल तर दीड मिनिटातही पात्र कुठून निघून कुठे पोहोचले ते दिसते.

स्वगत म्हणताना ज्याच्याशी आपण बोलत आहोत तो माणूस परीक्षकांच्या डोक्याच्या किंचित वर किंवा थोडा बाजूला, डोळ्यांच्या पातळीवर उभा आहे असे मानावे. थेट परीक्षकांकडे पाहून बोलू नये. त्यांना टिपणे काढायची असतात आणि पात्राच्या रागाला किंवा विनवणीला तोंड देत बसणे अवघडल्यासारखे होते. सुरुवातीला आपले नाव, नाटकाचे नाव आणि पात्राचे नाव सांगावे, एक श्वास घ्यावा आणि सुरू करावे. कथानक समजावून सांगण्याची गरज नसते. मध्येच विसरल्यास माफी मागून कोसळू नये. थांबून मागच्या वाक्यापासून पुन्हा धरावे. टेबलामागच्या बहुतेकांनी हे स्वतः अनुभवलेले असते.

भरताच्या नाट्यशास्त्रात आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक असे अभिनयाचे चार प्रकार सांगितले आहेत. त्यांतील आहार्य, म्हणजे वेशभूषा, रंगभूषा आणि साधनांचा भाग, निवडचाचणीत जवळजवळ गळून पडतो. म्हणून पात्राचा पोशाख करून येऊ नये. हालचालीला मोकळे, फार भडक नसलेले कपडे घालावेत, पायांत आवाज न करणारी आणि घट्ट बसणारी पादत्राणे असावीत आणि केस चेहऱ्यावर येऊ देऊ नयेत. मालकीण किंवा वकील अशा भूमिकेसाठी थोडा नेटका पोशाख करणे एवढी सूचकता पुरे. साधने न्यायचीच नाहीत. एक खुर्ची बहुधा तिथे मिळते.

अनेक संस्था स्वगताऐवजी किंवा स्वगतानंतर संहितेतील प्रवेश हातात देऊन वाचायला लावतात. पाच-दहा मिनिटे मिळाली तर ती संवाद पाठ करण्यात घालवू नयेत. आधी संपूर्ण प्रवेश वाचावा, एखाद्या शब्दाचा उच्चार किंवा आधीचा प्रसंग माहीत नसेल तर विचारावा, आणि मग स्वतःला दोनच प्रश्न करावेत: हा माणूस समोरच्याकडून काय मागतो आहे, आणि ते त्याला आत्ताच का हवे आहे? मॉस्को आर्ट थिएटरचे सहसंस्थापक स्तानिस्लाव्हस्की यांनी नटाच्या कामाचा पाया म्हणून पात्राची परिस्थिती आणि त्याचा हेतू यांच्यावर जो भर दिला, त्याचा उपयोग महिनाभराच्या तालमीइतकाच या पाच मिनिटांतही होतो.

वाचताना कागद एका हातात, छातीच्या उंचीवर धरावा, म्हणजे मान खाली न घालता नजर तिथे जाऊ शकते, आणि अंगठा चालू ओळीवर सरकवत राहावा. वाक्याचा पहिला तुकडा डोळ्यांनी उचलून समोरच्याकडे पाहत म्हणावा. सहनट बोलत असताना तर कागदाकडे अजिबात पाहू नये, त्याचे ऐकावे. पुढची ओळ सापडायला क्षणभर वेळ लागला तरी त्याचे काही बिघडत नाही. आणखी एक दोष मराठी वाचनात फार आढळतो. आपल्या वाक्यात क्रियापद शेवटी येते, म्हणजे घडले की नाही, केले की करणार, हे सगळे शेवटच्या शब्दावर ठरते, आणि नेमक्या त्याच ठिकाणी नवखा नट आवाज खाली सोडतो. ‘मी त्याला पैसे दिले नव्हते’ यातले ‘नव्हते’ मागच्या रांगेत पोहोचले नाही तर प्रेक्षकाने उलटाच अर्थ घेतला असे समजावे. घरी रोज एखादे पान मोठ्याने वाचून प्रत्येक वाक्याचे शेवटचे दोन शब्द स्पष्ट ठेवण्याचा सराव केला, तर काही दिवसांतच फरक जाणवतो.

वाचन झाल्यावर दिग्दर्शक म्हणतो, ‘हेच पुन्हा, पण या वेळी त्याला सगळे आधीच माहीत आहे असे धरून.’ अशी सूचना मिळाली की पुष्कळांना आपले पहिले वाचन चुकले असे वाटते. प्रत्यक्षात ज्याच्यात रस वाटला त्यालाच बहुधा अशी सूचना दिली जाते, आणि तपासायचे असते ते एवढेच की हा माणूस ऐकतो का आणि बदलतो का. सूचना कळली नसेल तर एक प्रश्न विचारावा, पण आपला मूळ अर्थ कसा बरोबर होता याचे समर्थन करू नये. दुसऱ्या वाचनातला बदल ठळक असावा, थोडा जास्त झाला तरी हरकत नाही. दीड-दोन महिने रोज सूचना स्वीकारणारा नट शोधत असलेल्या दिग्दर्शकाला या दुसऱ्या वाचनातून जे कळते ते घोटून आणलेल्या स्वगतातून कळत नाही.

हंगामात संगीत नाटक असेल तर गाणे म्हणावे लागते आणि त्यासाठी बहुधा एखादे कडवेच पुरते. आपली पट्टी आणि लय साथीदाराला आधीच सांगावी, ध्वनिमुद्रित साथ चालत असेल तर ती आपल्याच पट्टीत आहे ना हे घरी तपासावे, आणि आवाजाच्या टोकाशी झगडणारे गाणे टाळावे. चित्रफीत मागितली असेल तर फोन आडवा ठेवून, डोक्यापासून छातीपर्यंतचा भाग दिसेल असे चित्रीकरण करावे, प्रकाश समोरून घ्यावा आणि समोरच्या पात्राचे संवाद वाचणाऱ्याला कॅमेऱ्याच्या अगदी शेजारी, पण माइकपासून थोडे दूर उभे करावे.

काही निवडींसाठी पुन्हा बोलावून वेगवेगळ्या जोड्या लावून पाहतात. त्या फेरीला बोलावले नाही म्हणजे आपण बाद झालो असे नसते. पहिल्याच वाचनात दिग्दर्शकाचा निर्णय झाला असेल तर पुन्हा बोलावण्याचे कारण उरत नाही. पात्रयोजनेत उंची, आवाजाचा पोत, आई आणि मुलगी म्हणून दोन चेहरे पटणे, अशा गोष्टींचा प्रभाव मोठा असतो. एका नाटकाच्या नायकाने दुसरे नाटक पसंत केले की त्याच्या जागी आलेल्या नटाशी नायिका जुळत नाही, ती बदलली की तिची बहीण बदलते, आणि अखेरीस चौथ्या नाटकातल्या हवालदाराची भूमिका अशा माणसाला मिळते ज्याने ती मागितलीच नव्हती. निकाल ऐकताना ही साखळी डोळ्यांपुढे ठेवली तर उगाच स्वतःच्या अभिनयात खोट शोधत बसावे लागत नाही.

भूमिका देऊ केल्यास सांगितलेल्या मुदतीत होकार किंवा नकार कळवावा, कारण आपल्या उत्तरावर आणखी तीन-चार जणांची उत्तरे अडलेली असतात. होकार दिल्यानंतर अधिक चांगली संधी आली म्हणून माघार घेणे हे हौशी रंगभूमीवर सहज माफ केले जात नाही. निवड झाली नसेल तर दिग्दर्शकाला ‘मी कुठे कमी पडलो?’ असे मोघम विचारण्यापेक्षा ‘वाचनात माझा आवाज मागेपर्यंत येत होता का?’ असा एकच नेमका प्रश्न थोड्या दिवसांनी विचारावा. त्याचे उत्तर देता येते आणि दिले जाते. शिवाय हंगामातल्या नाटकांना प्रॉम्प्टर, म्हणजे नट विसरल्यास आडून संवाद सुचवणारे, प्रकाश आणि ध्वनी सांभाळणारे, साधने मांडणारे यांची नेहमीच टंचाई असते. प्रॉम्प्टिंग करणाऱ्याला संपूर्ण संहिता आणि दिग्दर्शकाची कामाची पद्धत दोन्ही जवळून कळतात, आणि तालमीच्या मध्यावर एखादा नट आजारी पडला तर त्याच्या जागी उभे करण्यासाठी प्रथम त्याचाच विचार होतो. अर्जात ‘पडद्यामागचे काम करण्यास तयार’ या ओळीपुढे खूण करायची असेल, तर ती निवडचाचणीच्या दिवशीच करून ठेवावी.