सी लायनसोबत डायव्हिंग आणि फोटो : ठाण्यात बसून तयारी कशी करायची

मेक्सिकोत ला पाझ गावाजवळ लोस इस्लोतेस म्हणून छोटी खडकाळ बेटं आहेत, तिथे कॅलिफोर्निया सी लायनची, म्हणजे समुद्रसिंहांची, मोठी वसाहत आहे. मी तिथे डाईव्ह करून आल्यापासून आमच्या घोडबंदरच्या सोसायटीत निम्मे लोक विचारतात की आम्हालाही जायचंय, सुरुवात कुठून करू, म्हणून एकदाच सगळं नीट लिहितेय.

आधी कॅमेरा विकत घेऊ नका. खरंच नका घेऊ. आधी ओपन वॉटर कोर्स, म्हणजे स्कुबा डायव्हिंगचा पहिला कोर्स करा, थिअरी घरी ऑनलाईन होते, मग पूल सेशन आणि समुद्रातल्या डाईव्ह, आणि मग 18 मीटरपर्यंत जायचं सर्टिफिकेट मिळतं. मालवणला इन्स्ट्रक्टर हात धरून खाली नेतो ती डाईव्ह छानच असते पण तो कोर्स नाही, हे लक्षात घ्या. समुद्रातल्या डाईव्हसाठी तारकर्ली, कर्नाटकातलं नेत्राणी बेट किंवा अंदमान. पावसाळ्यात आपला समुद्र बंद असतो तेव्हा थिअरी आणि पूल उरकून घ्यायचं, म्हणजे ऑक्टोबरपासून मोकळे.

कोर्सनंतर निदान 20-25 डाईव्ह होऊ द्या, कारण सी लायनचा सगळा खेळ बॉयन्सीवर, म्हणजे पाण्यात वर-खाली न होता तरंगत राहण्यावर आहे. ते समोर येतात, गर्रकन वळतात, डोक्यावरून जातात, आणि आपण त्यांच्याकडे बघताना श्वास रोखला की वर तरंगायला लागतो, हे धोक्याचं आहे, स्कुबात श्वास कधीच रोखायचा नाही. हात न हलवता एका जागी स्थिर राहता आलं पाहिजे, तेही डोळे कॅमेऱ्यात असताना. माझ्या पहिल्या डाईव्हला मी त्यांच्या मागे पोहत राहिले आणि कार्डावर फक्त शेपट्या आल्या. पाठलाग करून सी लायन कुणालाही सापडत नाही, तो पुढच्या फ्लिपरनी पोहतो आणि आपल्या कितीतरी पट वेगात जातो. दुसऱ्या डाईव्हला इन्स्ट्रक्टरने सांगितलं की एका जागी थांब आणि काहीतरी गंमत कर, मग मी उलटी झाले, गोल फिरले, आणि दोन मिनिटांत तीन पिल्लं येऊन तसंच गोल फिरायला लागली, एकाने माझ्या पायातलं फिन तोंडात धरून ओढलं. त्या क्षणासाठी मी परत कितीही पैसे साठवेन.

सिझन सांभाळा. जून ते ऑगस्ट पिल्लं जन्मण्याचा काळ, तेव्हा लोस इस्लोतेसला पाण्यात उतरायला बंदी असते. सप्टेंबर ते नोव्हेंबर सगळ्यात भारी, पाणी उबदार आणि पिल्लं काही महिन्यांची म्हणजे मस्तीखोर. फेब्रुवारीत पाणी 20 डिग्रीच्या आसपास, आपल्यासारख्या गरम पाण्यात शिकलेल्यांना ते फार थंड वाटतं, अंग गरम ठेवणारा जाड वेटसूट लागेलच.

मोठा नर ओळखायला शिका. आकाराने दांडगा, रंगाने काळपट, कपाळावर उंचवटा. तो सतत गस्त घालतो, पाण्याखाली भुंकतो, तोंडासमोर बुडबुडे सोडतो. असं दिसलं की शांतपणे मागे सरकायचं, त्याच्या आणि माद्यांच्या मध्ये कधीही यायचं नाही. पिल्लू कितीही गोड वाटलं तरी हात पुढे करायचा नाही, हात छातीशी मुठी करून ठेवा, ते सगळं चावून बघतात. खायला घालणं तर सोडाच. कॅलिफोर्नियात मुलाकडे-मुलीकडे जाणारे असाल तर तिथे 1972 पासून समुद्री सस्तन प्राण्यांसाठी कडक कायदा आहे, त्यांना त्रास होईल असं काहीही केलं तर दंड होतो.

आता कॅमेरा. लेन्स वाईड हवी, फिशआय असेल तर उत्तमच, कारण ते अगदी काचेपर्यंत येतात, डोम पोर्टमध्ये, म्हणजे लेन्सपुढच्या घुमटाकार काचेत, स्वतःचं प्रतिबिंब बघतात. शटर 1/250 सेकंदापेक्षा हळू नको, अ‍ॅपर्चर एफ 8, आयएसओ 400 पासून सुरू करा, फोकस कंटिन्युअस, बर्स्ट (एका दमात अनेक फोटो) चालू. 5 ते 8 मीटरवर दुपारचा उजेड भरपूर असतो त्यामुळे नवख्याने स्ट्रोबच्या, म्हणजे पाण्याखालच्या फ्लॅशच्या, फंदात पडू नये, स्ट्रोबचा चार्ज होईपर्यंत प्राणी निघून गेलेला असतो. कॅमेरा थोडा वरच्या दिशेला धरायचा म्हणजे मागे निळं पाणी, सूर्याची किरणं येतात. खाली खडकाकडे धरला तर तपकिरी प्राणी तपकिरी दगडात हरवतो. गोप्रो हा छोटा कॅमेरा वॉटरप्रूफ केसशिवाय 10 मीटरपर्यंत चालतो, डाईव्हसाठी केस घ्याच, आणि व्हिडिओमधून फ्रेम काढता येतात म्हणून सुरुवातीला तोच बरा.

सराव कुठे करायचा, तर सोसायटीच्या पूलमध्ये. मी भाच्याला सांगितलं की तू कॅमेऱ्यासमोरून जोरात सूर मारत जा, आणि महिनाभर दर रविवारी तेच. सहा वर्षांचं पोर सी लायनपेक्षा हळू असतं पण कुठे वळेल सांगता येत नाही, त्यामुळे बोटाला सवय लागते.

एक आपल्याकडची अडचण, दमट हवा. हाऊसिंग, म्हणजे कॅमेऱ्याचा वॉटरप्रूफ डबा, उघड्या खिडकीच्या खोलीत बंद केलं की आत ओलावा अडकतो आणि थंड पाण्यात काचेवर धुकं धरतं, म्हणून एसी लावून, सिलिका जेलची पुडी टाकून बंद करायचं. ओ-रिंगवर, म्हणजे हाऊसिंगच्या रबरी कड्यावर, डोक्याचा एक केस जरी राहिला तरी पाणी शिरतं, म्हणून आधी कॅमेरा न घालता रिकामं हाऊसिंग बादलीत बुडवून बघा. पावसाळ्यात लेन्स कपाटात ठेवू नका, बुरशी धरते.

परतीचं तिकीट शेवटच्या डाईव्हनंतर निदान 18 तासांनी निघणारं काढा, अंगातला नायट्रोजन निघायला वेळ लागतो. मधला तो दिवस हॉटेलवर हाऊसिंग गोड्या पाण्यात भिजत ठेवायचं, बटणं एकेक दाबून मीठ काढायचं आणि मग निवांत फोटो बघत बसायचं.