वर्म पुन्हा पुन्हा का परततो? सफाई करताना होणाऱ्या या चुका टाळा

संगणकात वर्म शिरला आहे म्हणून मला बोलावणे येते, तेव्हा बहुतेक ठिकाणी माझ्याआधी कोणीतरी येऊन सफाई करून गेलेले असते आणि त्याच संध्याकाळी वर्म परतलेला असतो. अशा वेळी सगळे अँटीव्हायरसला दोष देतात. प्रत्यक्षात चुकलेला असतो तो कामाचा क्रम. व्हायरस एखाद्या फाइलला चिकटतो आणि ती फाइल कोणी उघडेपर्यंत वाट पाहतो. वर्मला असा आधार लागत नाही. तो स्वतःच एक पूर्ण प्रोग्राम असतो. एका संगणकावर सुरू झाला की शेजारचे संगणक तो आपणहून शोधतो, तिथे न बुजवलेली त्रुटी, सोपा पासवर्ड किंवा लावून ठेवलेला पेनड्राइव्ह सापडला की आपली प्रत तिकडे उतरवतो आणि ती प्रतही लगेच त्याच उद्योगाला लागते. मराठीत वर्म म्हणजे मर्मस्थान, आणि या प्रोग्रामचे सगळे आयुष्य दुसऱ्याचे वर्म शोधण्यात जाते, त्यामुळे नावाचा हा योगायोग मला नेहमीच गमतीचा वाटत आला आहे.

नेटवर्क जोडलेले ठेवून एकेक संगणक साफ करणे

ही चूक मी स्वतः केली आहे, म्हणून तिच्याविषयी जरा सविस्तर लिहितो. २००९ च्या सुरुवातीची गोष्ट आहे. तालुक्याच्या गावातील एका पतसंस्थेत बारा संगणक आणि एक सर्व्हर एकाच स्विचला, म्हणजे संगणक एकमेकांशी जोडणाऱ्या पेटीला, जोडलेले होते. तक्रार अशी होती, की इतर सगळी संकेतस्थळे उघडतात, पण अँटीव्हायरस कंपन्यांची आणि मायक्रोसॉफ्टची तेवढी उघडत नाहीत. आज असे कोणी सांगितले तर मी खुर्चीवर बसण्याआधीच कॉनफिकर हे नाव घेईन, कारण आपल्यावरचे औषध जिथे मिळते ती दारे बंद करणे ही त्या वर्मची ओळखच होती. त्या वेळी मात्र मी आधी इंटरनेट पुरवणाऱ्याला फोन लावून अर्धा तास वाया घालवला.

नंतर रोग कळला, तेव्हा मी पहिल्या टेबलापासून सुरुवात केली. एक संगणक साफ करायचा, तो चालू ठेवायचा आणि पुढच्याकडे जायचे, अशी माझी पद्धत होती. आठव्या संगणकावर पोहोचलो तेव्हा पहिला पुन्हा बाधित झाला होता. मग मी चिडून तो फॉरमॅट केला, जुन्या सीडीवरून विंडोज एक्सपी घातले आणि पॅच, म्हणजे त्रुटी बुजवणारी दुरुस्ती, उतरवून घेण्यासाठी त्याला पुन्हा त्याच नेटवर्कला जोडले. पतसंस्थेचे सॉफ्टवेअर चालावे म्हणून फायरवॉल, म्हणजे नेटवर्कवरून येणाऱ्या जोडण्या अडवणारी भिंत, आधीच बंद ठेवलेली होती. पॅच उतरेपर्यंत वर्म आत आला होता. ज्या त्रुटीतून तो येत होता तिचा पॅच मायक्रोसॉफ्टने २३ ऑक्टोबर २००८ रोजीच दिला होता, म्हणजे वर्म पसरू लागण्याआधी काही आठवडे. पण तो पॅच मिळवण्यासाठी मी संगणकाला ज्या रस्त्याने पाठवत होतो, तोच रस्ता वर्मच्या येण्याचा होता.

दुसऱ्या दिवशी मी स्विचमधून सगळ्या वायरी काढल्या. घरच्या संगणकावरून पॅच आणि सफाईचे साधन सीडीवर लिहून नेले. पेनड्राइव्ह मुद्दाम टाळला, कारण कॉनफिकर पेनड्राइव्हवरही उतरत असे आणि लिहून बंद केलेल्या सीडीवर त्याला काहीच उतरवता येत नसे. प्रत्येक संगणकावर आधी पॅच, मग सफाई, मग रीस्टार्ट आणि पुन्हा तपासणी, असा क्रम ठेवला. संध्याकाळी सगळे संगणक स्वच्छ झाल्यावरच वायरी परत लावल्या आणि निर्धास्त मनाने घरी गेलो.

सकाळी व्यवस्थापकांचा फोन आला. ‘दादा, सर्व्हरवर तेच दिसतंय बघा.’ सर्व्हरला पॅच लावलेला होता, तरीही शेड्यूल्ड टास्क्सच्या, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांच्या, यादीत ‘एटी१’ नावाचे एक काम दिसत होते, जे आमच्यापैकी कोणीही लिहिले नव्हते आणि जे दर वेळी विंडोजच्याच एका प्रोग्रामकडून एक विचित्र नावाची फाइल चालवून घेत होते. शोधत शोधत मी काउंटरच्या टोकाला गेलो. तिथे प्लॅस्टिकच्या आवरणाखाली पासबुक छापण्याचा संगणक होता. तो तेरावा होता. त्याची वायर मुख्य स्विचला नव्हे, तर टेबलाखालच्या एका छोट्या हबला गेलेली होती आणि तो दिवसभरात तासभरच चालू होत असल्यामुळे कोणीच त्याला मोजले नव्हते. पॅचने एक दार बंद केले होते. दुसरे दार म्हणजे सर्व्हरचा पासवर्ड, आणि तो होता ‘ॲडमिन१२३’. कॉनफिकर सोप्या पासवर्डांची एक तयार यादी सोबत घेऊन फिरत असे आणि ‘ॲडमिन१२३’ त्या यादीत होता.

तेव्हापासून माझी सवय अशी आहे, की कोणत्याही ठिकाणी गेल्यावर मी कीबोर्डला हात लावण्याआधी वहीत नेटवर्कशी जोडलेल्या प्रत्येक वस्तूची यादी करतो. वायरींच्या मागोमाग अक्षरशः टेबलाखाली जातो, राउटरच्या पानावर जोडलेल्या उपकरणांची संख्या पाहतो आणि ती माझ्या यादीशी जुळली नाही तर काम सुरू करत नाही. नव्याने शिकणाऱ्या मुलांना हा वेळेचा अपव्यय वाटतो. त्यांना स्कॅनची हिरवी पट्टी पळताना पाहण्यात जास्त रस असतो.

सगळीकडे एकच ॲडमिन पासवर्ड

‘आमचे सगळे अपडेट आहेत’ असे म्हणणाऱ्यांसाठी २७ जून २०१७ ही तारीख लक्षात ठेवण्यासारखी आहे. युक्रेनमधील एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून नॉटपेट्या हा वर्म बाहेर पडला. तो ज्ञात त्रुटींचा वापर करत होताच, पण त्याचबरोबर बाधित संगणकाच्या मेमरीतून लॉगिनची माहिती काढून विंडोजच्याच प्रशासकीय साधनांनी शेजारच्या संगणकात शिरत होता. पॅच लावलेला संगणकही त्यामुळे पडत असे, कारण त्याच्या दृष्टीने योग्य पासवर्ड घेऊन योग्य माणूसच आलेला असे. मर्स्क या जहाज कंपनीला त्यानंतर सुमारे ४५,००० संगणक आणि ४,००० सर्व्हर नव्याने उभे करावे लागले, आणि आपल्याकडे न्हावा-शेवाच्या जवाहरलाल नेहरू बंदरातील तिच्या टर्मिनलचे कामही विस्कळीत झाले. मी प्रत्येक संगणकाला वेगळा ॲडमिन पासवर्ड देतो आणि रोजच्या कामासाठी साधे खाते उघडून देतो. त्यावर ग्राहकांची कुरकुर होते, ती मी ऐकून घेतो.

पेनड्राइव्हवरचे शॉर्टकट आणि घाईने केलेला फॉरमॅट

ही माझ्या रागाची जागा. परीक्षेच्या किंवा प्रबंधाच्या हंगामात झेरॉक्सच्या दुकानांतून हा प्रकार हमखास येतो. पेनड्राइव्ह उघडला की फोल्डरांच्या जागी त्याच नावांचे शॉर्टकट दिसतात, प्रत्येकाच्या कोपऱ्यात तो लहानसा बाण असतो आणि आकार जेमतेम एक-दोन केबी. विद्यार्थी घाबरतो आणि दुकानातला मुलगा अनुभवी स्वरात सांगतो, ‘डेटा उडाला, फॉरमॅट मारावा लागेल.’ एका मुलीचा एम.ए.चा संपूर्ण लघुप्रबंध अशा रीतीने पुसला गेल्यावर ती माझ्याकडे आली होती. वर दुसऱ्या फाइली लिहिल्या गेल्यामुळे त्यातील दोनच प्रकरणे मला परत मिळवता आली.

डेटा उडालेला नसतो. पेनड्राइव्हच्या चिन्हावर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज पाहिल्या, तर वापरलेली जागा पूर्वीइतकीच दिसते, आणि ही एक गोष्ट पाहण्याचे कष्टसुद्धा फॉरमॅट करणारा घेत नाही. वर्मने एवढेच केलेले असते, की मूळ फोल्डरांना ‘हिडन’ आणि ‘सिस्टिम’ असे दोन्ही गुणधर्म लावून लपवलेले असते आणि त्यांच्या जागी शॉर्टकट मांडलेले असतात. शॉर्टकटवर क्लिक केले की आधी वर्मची स्क्रिप्ट चालते आणि पाठोपाठ खरे फोल्डरही उघडते, त्यामुळे वापरणाऱ्याला वाटते की सगळे ठीक आहे, आणि तो तोच पेनड्राइव्ह पुढच्या दुकानात घेऊन जातो.

लपवलेल्या आणि सिस्टिमच्या फाइली दाखवण्याची सेटिंग चालू करून फोल्डर दिसू लागल्यावर काही जण प्रॉपर्टीजमधील ‘हिडन’ची खूण काढायला जातात आणि ती खूण राखाडी, न हलणारी दिसते म्हणून पुन्हा हताश होतात. ‘सिस्टिम’ हा गुणधर्म शिल्लक असेपर्यंत ती हलत नाही. कमांड प्रॉम्प्टमधील ‘ॲट्रिब’ ही जुनी कमांड दोन्ही गुणधर्म एकदम काढते आणि आतील उपफोल्डरांनाही लागू करता येते. तिची रचना मी एका कागदावर लिहून दुकानात भिंतीला चिकटवली आहे.

मात्र ही कमांड चालवण्याआधी संगणक साफ झालेला हवा. अशा अनेक वर्मांमध्ये स्क्रिप्ट विंडोजच्या ‘डब्ल्यूस्क्रिप्ट’ या प्रोग्रामच्या आधाराने पार्श्वभूमीला चालत राहते आणि लावलेल्या प्रत्येक पेनड्राइव्हकडे लक्ष ठेवते. तुम्ही शॉर्टकट पुसता आणि काही सेकंदांत ते परत उगवतात. म्हणून आधी टास्क मॅनेजरमधून तो प्रोग्राम थांबवावा, मग स्टार्टअपच्या यादीतील नोंद आणि तिने दाखवलेली मूळ फाइल काढावी, आणि त्यानंतरच पेनड्राइव्हला हात लावावा. अनोळखी पेनड्राइव्ह मी तर विंडोजमध्ये लावतच नाही. विंडोजऐवजी लिनक्स घातलेला एक जुना लॅपटॉप त्यासाठीच ठेवला आहे, त्यावर ती स्क्रिप्ट एखाद्या मुक्या चिठ्ठीसारखी नुसती पडून राहते. भारत सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राने यूएसबी प्रतिरोध नावाचे मोफत साधन दिले आहे, त्याने कोणता पेनड्राइव्ह चालू द्यायचा यावर नियंत्रण ठेवता येते.

‘रीस्टार्ट केले आणि गेला’

जानेवारी २००३ मधील स्लॅमर हा वर्म अवघ्या ३७६ बाइटांचा होता, म्हणजे तुम्ही आता वाचत आहात त्या परिच्छेदाहूनही लहान. तो डिस्कवर काहीच लिहीत नसे, केवळ मेमरीत राही. रीस्टार्ट केल्यावर तो खरोखरच नाहीसा होई, आणि पॅच नसेल तर पुन्हा जोडणी मिळताच परत येई, कारण पहिल्या मिनिटात बाधित संगणकांची संख्या दर साडेआठ सेकंदांना दुप्पट होत होती. त्याचा पॅच सहा महिने आधी, जुलै २००२ मध्ये आला होता. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आलेल्या ब्लास्टरने बाधित संगणकावर रीस्टार्टआधीची साठ सेकंदांची उलटी मोजणी सुरू होत असे. एका कमांडने ती मोजणी थांबवता येते हा शोध लागल्यावर आमच्याकडच्या कित्येक सायबर कॅफेंनी तोच उपचार मानला होता.

अपडेट बंद करून ठेवणे

याची मुळे जुनी आहेत. पायरेटेड विंडोज वापरणाऱ्यांना पडद्यावर ‘ही प्रत अस्सल नाही’ असे येण्याची भीती असे, म्हणून बसवणारा पहिल्याच दिवशी अपडेट बंद करून जाई, आणि ती सवय अस्सल विंडोज आल्यानंतरही सुटली नाही. वॉनाक्राय हा फाइली अडकवून खंडणी मागणारा वर्म १२ मे २०१७ रोजी पसरला. त्याचा पॅच १४ मार्चला आला होता. दोन महिने हा काही कमी काळ नव्हे.

स्कॅनर चालावा म्हणून जुने दार उघडणे

वॉनाक्राय ज्या जुन्या फाइल शेअरिंग पद्धतीतील त्रुटीतून शिरला, ती एसएमबीची पहिली आवृत्ती विंडोज १० च्या नव्या प्रतींमध्ये २०१७ च्या अखेरीपासून मुळातच बंद येते. परंतु दहा वर्षांपूर्वीच्या झेरॉक्स मशीनचे स्कॅन थेट फोल्डरमध्ये पडत नाही म्हटल्यावर तंत्रज्ञ कार्यालयातील सगळ्या संगणकांवर ती पुन्हा चालू करून जातो, त्याबद्दल कोणाला सांगत नाही आणि कुठे लिहूनही ठेवत नाही. मी अशा मशीनचे स्कॅन पेनड्राइव्हवर किंवा ईमेलने घ्यायला लावतो. दोन पायऱ्या जास्त पडतात, तर पडू देत.

थोडक्यात उरकण्यासारख्या काही चुका

प्रिंटर शेअर होत नाही म्हणून संपूर्ण फायरवॉल बंद करू नये. त्या प्रिंटरपुरती परवानगी देता येते. दोन अँटीव्हायरस एकत्र घातल्याने संरक्षण दुप्पट होत नाही, संगणक तेवढा मंदावतो. फाइलींचे विस्तार, म्हणजे नावाच्या शेवटी प्रकार सांगणारी अक्षरे, लपवून ठेवू नयेत, कारण मे २००० मध्ये ‘आय लव्ह यू’ या ईमेल वर्मने मजकुराच्या फाइलीचे सोंग घेऊन जगभर जो धुमाकूळ घातला, त्यात विंडोजच्या याच सवयीचा मोठा हात होता. बॅकअपची हार्ड डिस्क सफाई चालू असताना जोडू नये. आणि ‘अँटीव्हायरस बंद करून मग चालवा’ अशी सूचना असलेला कोणताही ॲक्टिव्हेटर, म्हणजे पायरेटेड सॉफ्टवेअर अस्सल भासवणारा प्रोग्राम, चालवणाऱ्यांकडून मी दुप्पट पैसे घेतो.

सफाई पूर्ण झाली हे मी स्कॅनच्या अहवालावरून ठरवत नाही. एक रिकामा पेनड्राइव्ह घेऊन त्यावर ‘फोटो’ आणि ‘हिशेब’ अशी दोन खोटी फोल्डरे करतो, प्रत्येक संगणकाला तो दोन-दोन मिनिटे लावतो आणि मग लिनक्सच्या लॅपटॉपवर उघडून तिसरी कोणती वस्तू आली आहे का ते पाहतो. त्यानंतर सगळे संगणक चालू ठेवून, पण कोणालाही काम करू न देता, स्विचसमोर पाच मिनिटे बसतो. अधूनमधून एखादा दिवा लुकलुकणे स्वाभाविक आहे. एकाच पोर्टचा दिवा सतत फडफडत असेल, तर त्याची वायर धरून मी पुन्हा टेबलाखाली जातो.