मेकॅनिक ट्रेड म्हणजे सेफ नोकरी? आधी आमच्या काकांचं ऐका

गावाकडं गेलो की एखादं तरी पोरगं विचारतंच, दादा, अग्निवीर टेक्निकलचा फॉर्म भरलाय, मेकॅनिक झालो की वर्कशॉपमध्येच बसायचं ना? मी स्वतः ईएमईत, म्हणजे फौजेच्या गाड्या-यंत्रं दुरुस्त करणाऱ्या कोरमध्ये, व्हेईकल मेकॅनिक होतो, सिकंदराबादला ट्रेनिंग झालं, म्हणून सांगतो, बाबा असलं काही डोक्यात घेऊन येऊ नकोस. गाडी जिथं बंद पडते तिथं मेकॅनिकला जावं लागतं, आणि लढाईत गाडी सोयीच्या जागी थोडीच बंद पडते.

आमचे काका पण ईएमईचेच, नाईक. डिसेंबर १९७१ च्या पाकिस्तानबरोबरच्या लढाईत जम्मूकडच्या छंब सेक्टरमध्ये होते, तिथं आपल्या फौजेला मुनव्वर तवी नदीच्या अलीकडं यावं लागलं त्याच दिवसांत हे एक बंद पडलेला शक्तिमान ट्रक ओढून काढायला गेले, चेन लावून झाली, काका गाडीखाली पाठीवर झोपलेले, आणि डोळ्यासमोर बूट दिसले ते आपले नव्हते. झालं, युद्धकैदी.

चौकशीत नाव, रँक, आर्मी नंबर, जन्मतारीख एवढंच सांगायचं, युद्धकैद्यांसाठीच्या जिनिव्हा करारात तेवढंच बंधनकारक आहे. नंबर असा पाठ पाहिजे की झोपेत उठवलं तरी तोंडातून आला पाहिजे. घरी आधी मिसिंगची तार आली होती, नंतर रेडक्रॉसमार्फत ते कैदेत असल्याचं कार्ड आलं तेव्हा आजी जेवली म्हणे.

कॅम्पात हा माणूस मेकॅनिक आहे हे कळायला वेळ लागला नाही, हाताच्या रेषांत बसलेलं ग्रीस काही जात नाही. पाण्याचा पंप त्यांनी स्वतःहून दुरुस्त करून दिला, पाणी सगळ्यांनाच लागतं, पण मिलिटरी ट्रकला हात लावला नाही. लष्करी स्वरूपाचं काम युद्धकैद्याकडून करून घेता येत नाही, आणि नाईक म्हणजे एनसीओ, जवानांच्या वरचा पण अफसर नसलेला हुद्दा, त्याला फार तर देखरेखीचं काम सांगता येतं. हे त्यांना माहीत होतं म्हणून नाही म्हणता आलं. तेव्हा क्लासमध्ये हा विषय चालू असला की पेंगू नका रे.

१ डिसेंबर १९७२ ला वाघ्यावरून परत आले. मी लहानपणी विचारलं होतं, काका, पहिल्यांदा मनात काय आलं? म्हणाले, "टो चेन तिकडंच राहिली, आता लॉस स्टेटमेंट कोण करणार." म्हणजे सरकारी सामान हरवल्याचा कागद.